ड्रायव्हरकाकांचा डावा हात

"तासाभराचं काम आहे. मुलगी यायच्या आत गाडी अंगणात," असं ड्रायव्हरकाका सकाळी साडेसातला म्हणाले, आणि काकूंनी मुकाट्याने पिण्याचं पाणी झाकून बाजूला ठेवलं. एकतीस वर्षं बस वेळेवर नेणाऱ्या ह्या माणसाचा घरातला तास किती लांबतो, हे त्यांना पुरतं ठाऊक होतं.

गाडी म्हणजे क्वाड बाइक. जाड टायरांची, चार चाकांची मोटरसायकलच म्हणा ना. काका-काकूंचं घर डोंगराच्या उतारावर, आणि घरात पाणी येतं ते वरच्या झऱ्यातून, पाइपने. दर तिसऱ्या दिवशी पाइपच्या तोंडावरची जाळी पानांनी बुजते, मग काका गाडीवरून जातात आणि ती साफ करतात. पायी जायचं तर दीड तास चढण आणि काकांचे गुडघे सत्तरीचे. थोडक्यात, गाडी आहे तोवर पाणी आहे, आणि पाणी आहे तोवर घर आहे.

तर ही गाडी काल संध्याकाळी परत येताना ओढ्याच्या पात्रात, एका धोंड्यावर आदळून बंद पडली होती. काका लंगडत घरी आले आणि 'पाय मुरगळला' एवढंच बोलले.

बरं, नेमकी आजच मुलगी यायची होती. ती एका कारखान्यात सुरक्षा अधिकारी. माणसं कुठे घसरतील, कशात हात अडकवून घेतील, ह्याच्या याद्या करायच्या आणि तसं घडू द्यायचं नाही, हे तिचं काम. गेल्या वर्षी फोनवर बोलताना काकांनी तिला एकच प्रश्न दहा मिनिटांत दोनदा विचारला, तेव्हापासून तिने वडिलांचीही यादी सुरू केली होती. तिच्या इमारतीत आई-बाबांना राहायला आणता येईल अशी तळमजल्यावरची जागा रिकामी झाली होती आणि मालकाला आज संध्याकाळपर्यंत हो किंवा नाही कळवायचं होतं. गाडी अंगणात उभी दिसली तर काकांना निदान वाद घालता आला असता. ती ओढ्यात सापडली, तर वाद घालायला तोंडच उरणार नव्हतं.

शिवाय काका मनातून घाबरले होते. तो प्रश्न दोनदा विचारल्याचं त्यांना स्वतःला आठवत नव्हतं, आणि हे त्यांनी काकूंनाही सांगितलेलं नव्हतं.

त्यांनी खालच्या वळणावरच्या ट्रॅक्टरवाल्याला बरोबर घेतलं. हा चाळिशीचा, कमी बोलणारा, भाजीपाला पिकवणारा गडी. दोघं ओढ्यात पोचले. काका गाडीवर बसले, गिअर काढून न्यूट्रलमध्ये आणला, खाली उतरले, आणि दोघांनी मिळून जोर लावला. गाडी तसूभरही हलली नाही.

काकांनी कपाळाला आठ्या घालून निदान केलं: गिअरबॉक्स जाम. इंजिन बंद पडलं तेही त्यामुळेच. आता हे एकदा ठरल्यावर इंजिनकडे कोण कशाला बघतो? ट्रॅक्टरवाल्याने हळूच विचारलं, ब्रेक वगैरे लागलेला नाही ना. काकांना हे फार लागलं. एकतीस वर्षं गाडी चालवलेल्या माणसाला ब्रेक विचारायचा म्हणजे काय! त्यांनी ब्रेककडे न बघताच, लावलेला नाही म्हणून सांगितलं. ट्रॅक्टरवाला दोर सोडायला लागला.

पहिल्या ओढीला गाडीच्या पुढचा लोखंडी कठडा दोरासकट निघून आला. गाडी जागच्या जागी. मग दोर खाली अ‍ॅक्सलला बांधला. दुसऱ्या ओढीला गाडी निघाली खरी, पण मागची चाकं न फिरता. गोट्यांमधून दोन चर पाडत ती फरफटत वीस हात आली आणि दोन खडकांच्या मध्ये बुचासारखी बसली. हँडल धरून गाडीवर बसलेले काका खाली उतरून बघून आले. तिसऱ्या ओढीला ट्रॅक्टरनेच मागची चाकं ओल्या वाळूत रुतवून घेतली. आता ओढ्यात गाड्या दोन होत्या, आणि साडेअकरा वाजले होते.

मुलगी बाराच्या ऐवजी अकरालाच घरी पोचली होती. आईने 'ते पाइप बघायला गेलेत' असं सांगितलं. पण आईला खोटं बोलताना पदराशी चाळा करायची खोड, त्यामुळे मुलगी तशीच वर चढून आली. तिला दिसले ते सावलीत बसलेले दोन कर्ते पुरुष, एक तुटका कठडा आणि दोरीने एकमेकांना बांधलेली दोन अडकलेली वाहनं.

तिने कारखान्यात करते तसं एका टोकाने बघायला सुरुवात केली. टायर, दोर, गिअर. मग डाव्या मुठीवरचा ब्रेक. तो दाबून त्याची खिट्टी अडकवली की गाडी जागची हलत नाही. आणि ती खिट्टी अडकवलेली होती. तिने ती सोडवली आणि गाडीला नुसता हात लावला. गाडी निमूटपणे मागे सरकली.

ट्रॅक्टरवाला डोंगराकडे बघायला लागला. त्याची ही भलमनसाई काका जन्मभर विसरणार नाहीत.

"मी लावला नव्हता," काका म्हणाले.

मुलीने त्यांना गाडीवर बसवलं आणि तिने नि ट्रॅक्टरवाल्याने मिळून मागून ढकललं. गाडी खडकांमधून मोकळी झाली. पुढे एक दगड आडवा दिसला म्हणून काका तो बघायला उतरले. परत ढकलायला गेले, तर गाडी हलेना.

"बाबा," मुलगी अगदी हळू आवाजात म्हणाली, "आत्ता तुम्ही काय केलंत?"

"काय केलं? उतरलो."

"उतरताना हाताने काय केलंत?"

काकांनी आपल्या डाव्या हाताकडे बघितलं. त्यांना खरंच ठाऊक नव्हतं. मुलीचे डोळे भरून आले होते आणि ती ते लपवत होती, हेही त्यांना दिसलं.

मग ते सावकाश सांगायला लागले. घाटातल्या थांब्यावर बस उभी करायची, आत पन्नास माणसं, लेकरंबाळं. सीटवरून उठण्याआधी डाव्या हाताने ब्रेक ओढायचा. दिवसातून चाळीस वेळा, एकतीस वर्षं. आणि तो सोडायचा इंजिन सुरू झाल्यावर. आज इंजिन सुरूच झालं नाही, म्हणून हाताने तो सोडलाही नाही. "हे विसरणं नाही गं," ते म्हणाले. "मला विचारून हात हे करतच नाही." मुलीने मान हलवली, पटलं म्हणून की बापाची कीव आली म्हणून, हे काही कळलं नाही.

पण गिअरबॉक्स धडधाकट आहे म्हटल्यावर काकांचं डोकं एकदम मोकळं झालं. त्यांनी सीटखाली हात घातला, आणि धोंड्याच्या दणक्याने निसटलेली प्लगची टोपी अर्ध्या मिनिटात चाचपून बसवली. इंजिन पहिल्या झटक्याला सुरू झालं. ट्रॅक्टरच्या चाकांखाली चपटे दगड सारले, तसा तोही निघाला, आणि दोर गुंडाळून त्याचा मालक घरी गेला.

गाडी मुलीने चालवली. आयुष्यात पहिल्यांदाच काका मागच्या प्रवाशासारखे बसले, आणि वाटेत तिने स्पष्टच सांगितलं: खाली पोचल्यावर ती जागामालकाला होकार कळवणार. पाण्याची ही कटकट ह्या वयात नको.

अंगण उतारावरच आहे. तिने इंजिन बंद केलं, उतरली आणि तरातरा आईकडे गेली. काका गाडीपाशीच उभे होते. मुठीवरची खिट्टी मोकळी होती. त्यांचा डावा हात आपणहून उठला, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा काकांनी त्याला अडवला. चांगला खिशात घातला.

गाडी आधी विचार केल्यासारखी थांबली, मग निघाली. दोरीवरचं धुणं घेऊन गेली, कोबीचे दोन वाफे ओलांडले, कुंपणापाशी पोचली, कुंपण मोडलं आणि खालच्या नाल्यात जाऊन आडवी झाली. मुलगी आईसमोर 'बाबांच्या हाताला आता भरवसा नाही' असं काहीतरी म्हणत होती. ते वाक्य अर्धंच राहिलं.

"बाबा, मी ब्रेक लावला नाही हे तुम्हाला दिसलं होतं?"

काकांना खोटं बोलता आलं असतं. "दिसलं होतं," ते म्हणाले. "मला वाटलं, कुंपणापाशी थांबेल."

मुलगी पायरीवर बसली. आधी तिने कपाळाला हात लावला, मग तिचे खांदे हलायला लागले, आणि काकांना वाटलं रडतेय की काय; पण ती हसत होती, अगदी डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. तेवढ्यात तिचा फोन वाजला. जागामालकच होता. ती डोळे पुसत म्हणाली की जागा दुसऱ्या कुणाला द्या, आमचे आईबाबा काही इतक्यात येत नाहीत. आणि आत्ता जास्त बोलता यायचं नाही, गाडी नाल्यात पडलीय.

ट्रॅक्टरवाल्याला पुन्हा बोलावणं गेलं. तो कुंपणापाशी येऊन थांबला. खाली उतरायच्या आधी त्याने तिघांकडे आळीपाळीने बघितलं आणि एकच विचारलं, ब्रेक नीट सुटलेला आहे ना.

"हो," मुलगी मान खाली घालून म्हणाली. "सुटलेलाच आहे."