चिटणीसकाकांचा फोन बागेत असतो

आमच्या शेजारच्या डॉक्टर चिटणीसांना फोन करायचा तर तो भरपूर वेळ वाजू द्यावा लागतो. कारण त्यांचा फोन घरात नसतो. तो बागेच्या पार टोकाला, एका लाकडी खोपटात असतो. घंटा ऐकू आली की पंचाहत्तरीचे काका रबरी वेलिंग्टन बूट चढवतात आणि इंग्लंडातल्या या लीड्सच्या पावसात, एका हाताने टोपी धरून, चिखलातून धावत सुटतात. पोचेपर्यंत फोन बंद झालेला असतो. मग ते तितक्याच उत्साहाने परत येतात.

"अहो काका, एक मोबाईल घ्या की," मी म्हटलं.

"आमच्या आमिश लोकांत चालत नाही, शुभे."

आता, काका मूळचे साताऱ्याचे. इथल्या हॉस्पिटलात जन्मभर लोकांना भूल दिली. आमिशांशी त्यांचा संबंध एवढाच, की गेल्या वर्षी ते पेनसिल्व्हेनियात मुलाकडे, निखिलकडे राहून आले आणि निखिलच्या बंगल्यामागे एका आमिश कुटुंबाचं शेत होतं. धर्माला धरून जुन्या रीतीने राहणारी माणसं. घोडागाडी, कंदील, घरात ना टीव्ही ना फोन. निखिल आणि सूनबाई दिवसभर लॅपटॉपवर, म्हणून काका कुंपणापाशी जाऊन तिथल्या म्हाताऱ्याशी गप्पा मारायचे. जाताना साधे रिटायर्ड डॉक्टर होते. परत आले ते पक्के आमिश होऊन. नव्याचे नऊ दिवस म्हणून आम्ही सोडून दिलं. नऊ दिवस कधीच होऊन गेले.

आधी मिशी गेली आणि दाढी आली. तिकडे लग्न झालेले पुरुष दाढी राखतात, मिशी नाही. काकू जाऊन चार वर्षं झाली, पण काका म्हणाले, "लग्न झालं ते झालंच की गं." त्या दाढीमुळे बसस्टॉपवरचे पाकिस्तानी आजोबा त्यांना अदबीने सलाम करायला लागले. काकाही तितक्याच अदबीने उत्तर देतात. मला म्हणाले, "या रूटवरची माणसं फार सभ्य आहेत."

मग गाडी विकली. स्वतःची गाडी ठेवायची नाही हा नियम. पण नियमाला एक खिडकी आहे. बाहेरच्या माणसाच्या गाडीत बसलेलं चालतं. बाहेरचा माणूस म्हणजे कोण? मी! दर शनिवारी काका टोपी घालून माझ्या गाडीशेजारी उभे. मग फ्रीज गेला. तिथेही खिडकी आहेच. शेजाऱ्याच्या फ्रीजरमध्ये ठेवलेलं चालतं. आज माझ्या फ्रीजरमध्ये माझं आइस्क्रीम मावत नाही, पण काकांचं खोवलेलं खोबरं आणि सोललेले पावटे सुखात आहेत.

मी कुरकुर केली की ठरलेलं उत्तर. "तू इंग्लिश. तुला नाही कळायचं."

आमिश लोक आपल्याखेरीज सगळ्या जगाला 'इंग्लिश' म्हणतात, मग तो कुठलाही का असेना. मी सांगलीची! आईला फोनवर हे सांगितलं तर ती घाबरून म्हणाली, "बाटलीस की काय गं?" पलीकडच्या कीथला, म्हणजे सात पिढ्यांच्या यॉर्कशायरवाल्याला, काकांनी कुंपणावरून गंभीरपणे सांगितलं, "कीथ, यू आर इंग्लिश." कीथ रोपांना पाणी घालता घालता म्हणाला, "आय नो, डॉक."

खोपटाची उभारणी हा तर सोहळाच झाला. तिकडे एकाचं कोठार बांधायचं तर सगळी आळी हातोडे घेऊन येते. काकांनी माझ्याकडून मराठी मंडळाच्या ग्रुपवर निरोप टाकला. हातोडा आणावा. सहा डॉक्टर आले आणि हातोडा एकानेच आणला. बटाटेवडे संपेपर्यंत चर्चा झाली, मग हाडांच्या डॉक्टरांनी पहिला घाव स्वतःच्या अंगठ्यावर घातला आणि काम थांबलं. संध्याकाळी कीथ आला, एकट्याने खोपट उभं केलं, फोनची वायरही ओढून दिली. काकांनी आत फोन लावला. स्टूलसुद्धा ठेवलं नाही.

"खुर्ची ठेवली की माणूस बोलत बसतो. उभ्याने, कामापुरतं बोलावं. आमच्या आमिश लोकांत तसंच असतं."

हे सगळं मी हसण्यावारी नेलं. पण जानेवारीत, गवतावर दंव गोठलेलं असताना, काका फोनकडे धावले आणि आडवे झाले. गुडघा नारळाएवढा. मी फिजिओथेरपिस्ट, अशा गुडघ्यांवरच माझं पोट चालतं, पण यांचा बघून माझं डोकं फिरलं. रविवारी दुपारी त्यांना धरून माझ्या किचनमध्ये आणलं, समोर पोह्यांची बशी ठेवली आणि सुनावलं, "पुरे झाली ही थेरं! कीथला सांगितलंय. उद्या फोन घरात येतोय."

"नको गं."

"कंबरडं मोडलं तर कोण बघणार? आमिश लोक येणारेत का इथे?"

काका पोह्यांतले शेंगदाणे एका कडेला सारत राहिले. या वेळी त्यांनी मला इंग्लिश म्हटलं नाही.

"घरात होता ना फोन," ते हळूच म्हणाले, "तेव्हा दर रविवारी मी जेवून त्याच्यासमोर बसायचो. निखिल रविवारी करतो. म्हणजे, जमेल तेव्हा करतो. अंधार पडेपर्यंत बसायचो. न वाजणारा फोन फार मोठ्यांदा ऐकू येतो, शुभे. बागेत असला की म्हणता येतं, वाजला असेल, आपल्यालाच ऐकू आलं नसेल."

पण मी पडले भांडखोर, म्हणून म्हटलं, "मग तुम्ही का नाही करत?"

"केला होता. तो लगेच विचारतो, 'बाबा, एनिथिंग अर्जंट?' पोरगा चांगला आहे, कामात असतो. त्याला काय अर्जंट सांगू? दाढी वाढलीय?"

आणि कुंपणापलीकडे फोन वाजायला लागला.

"काका, पळा!" मी ओरडले. लगेच गुडघा आठवला. "नको, पळू नका! मी जाते!"

काकांनी माझा हात धरला. चेहरा असा उजळला होता की मी जागीच थांबले.

"जाऊ नकोस. वाजू दे."

"अहो, बंद होईल!"

"होऊ दे. बंद झाला की मी उलटा करीन. आता अर्जंट काय म्हणून विचारायची सोय नाही. सांगेन, बाबा रे, तूच केला होतास."

आम्ही दोघं फोन ऐकत राहिलो. बराच वेळ वाजला. पोरानेही चिकाटीने धरून ठेवला होता; तेवढ्यापुरता मला तो आवडला. मग थांबला. काकांनी उरलेले पोहे सावकाश संपवले, तोंड पुसलं, टोपी नीट केली आणि माझा हात धरून उठले. दारापर्यंत लंगडत गेले आणि तिथे घुटमळले.

"शुभे, तुझ्याकडे ती घडीची खुर्ची आहे ना?"

"आहे. पण तुमच्या आमिश लोकांत..."

"गुडघा दुखत असला तर चालतं," काका म्हणाले.