किसनतात्यांचा माळ

किसनतात्या उभे असले तरी उभे नसतात. दोन पावलं पुढं, एक मागं, अर्धी गिरकी, खांद्याला हलका झोल, असं त्यांचं चालूच असतं. ढोकीच्या बँकेत त्यांच्या मागं उभं राहिलं की आपलेही पाय नकळत त्या ठेक्यात पडतात. कॅशियर काचेआडून बघतो तर अख्खी रांग डुलतेय. एकदा एका शोकसभेत दोन मिनिटं शांत उभं राहायचं होतं. तात्यांनी मान खाली घातली, डोळे मिटले, हात जोडले. पण उजवी टाच काही ऐकेना. बाहेर आल्यावर मी रागावले, तर म्हणाले, "बाई, म्या थांबलो हुतो. पाय थांबला न्हाय. त्याला म्या काय करू?"

मी त्यांची शेजारीण. शाळेत शिकवते, म्हणून सगळ्या गल्लीची बाई. तात्या धनगराच्या घरातले. तरुणपणी गजनृत्याच्या संघात नाचले. पांढरे अंगरखे घालून, हातात रंगीत रुमाल घेऊन ढोलाभोवती फेर धरायचा, तो नाच. पुढं साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर कॉम्प्युटर आला, तो शिकून घेतला आणि निवृत्तीपर्यंत उसाच्या गाड्यांची वजनं केली. नाच आणि कॉम्प्युटर ही सोयरीक कुणी जुळवली नसती. तात्यांनी जुळवली, तीही मेंढ्यांच्या शेडमध्ये.

मेंढ्या विकल्यावर शेड रिकामीच होती. तात्यांनी भिंतीला चुना दिला, जुना कॉम्प्युटर आणि प्रोजेक्टर आणला, वर एक कॅमेरा टांगला आणि दार लावून घेतलं. मग दिवसभर आतून आवाज. "डोळा दिलाय न्हवं तुला? मग बघ की नीट! म्या डावा पाय टाकला, तू उजवीकडचं गवत का हलवलंस?" यमुनाकाकू, म्हणजे तात्यांच्या मंडळी, बाहेर शेंगा फोडत बसलेल्या असायच्या. मी विचारलं, आत कोण आहे? तर म्हणाल्या, "कुणी न्हाय ओ. एकटेच भांडायलेत."

ते आत नसले की माळावर असायचे. कुसळी गवताचे फोटो, हिवराच्या झाडाचे फोटो, टिटवीचा आवाज, वारा. मी म्हटलं, "तात्या, इंटरनेटवर तयार गवत मिळतं म्हणे."

"मिळतंय की. बघितलं म्या. हिरवंगार, एका उंचीचं, हजामत केल्यागत." त्यांनी तोंड वाकडं केलं. "असलं गवत आमच्या मेंढराला पचत न्हाय."

शेवटी एक दिवस मला आत बोलावलं. भिंतीवर आपलाच माळ होता, उन्हाळ्यातला. पिवळा, धोंड्यांचा, मधे एक हिवर. मी हाताची घडी घालून बघत राहिले. काहीच होईना.

"हलल्याबिगर हिरवं न्हाय, बाई," तात्या म्हणाले.

मी लाजत एक पाऊल टाकलं. भिंतीवर माझ्या पायापाशी चार कोंब वर आले. मी पदर सावरला, तर त्या हालचालीसरशी टिटव्या उडाल्या. मग मात्र मी इकडंतिकडं बघितलं, कुणी नाही याची खात्री केली आणि एक गिरकी घेतली. माझ्यामागं मेंढरांचा कळप वळला. इतकी वर्षं वर्गात मुलांना वळवतेय, पण असं एका गिरकीत कुणी वळलं नव्हतं. दारातून काकू बघत होत्या, हे मला नंतर कळलं.

यात शेजारच्यांची बकरीसुद्धा नाचून गेली. शेडमध्ये घुसली आणि भिंतीवरचा पाऊस बघून अशा उड्या मारायला लागली की पाऊस थांबेचना. मालक ओशाळून माफी मागायला आला, तर तात्या खुशीत. "राहू द्या तिला. माणसापरीस बकरीला लवकर समजलं."

मग धाराशिवच्या एका कॉलेजानं त्यांना कला प्रदर्शनात बोलावलं. मोठा हॉल, मोठा पडदा, आम्ही ढोकीची माणसं टेम्पो भरून गेलेलो. उद्घाटनाला एक मोठे साहेब आले. पडद्यासमोर ताठ उभे राहिले, मागं सगळे पाहुणे तसेच ताठ. पडदा पिवळा, कोरडा ठणठणीत. साहेबांनी बराच वेळ निरखून पाहिलं आणि गंभीरपणे म्हणाले, "वा. दुष्काळाचं फार प्रभावी चित्रण आहे."

तात्या पुढं झाले.

"सायेब, ह्यो दुष्काळ तुमच्यामुळं हाय. जरा पाय हलवा."

साहेबांनी तात्यांकडं पाहिलं, मग आपल्या चकचकीत बुटाकडं, आणि तो बूट हळूच जमिनीवर आपटला. पडद्यावर एक हिरवा झुपका उगवला. साहेब लहान मुलासारखे हसले. दुसरा बूट आपटला. तेवढ्यात आमच्या टेम्पोतल्या कुणीतरी ढोलावर थाप टाकली, तात्यांनी खिशातून रुमाल काढला आणि फेर सुरू झाला. साहेब, प्राध्यापक, पोरी, यमुनाकाकू, सगळे. ढग आले, माळ गुडघ्याएवढा वाढला, मेंढरं त्यात बुडाली. मी ओळखदेख नसलेल्या बाईंना धरून सांगत होते, "आमच्या शेजारी राहतात हे. आमच्या शेजारी!"

ती बातमी पुण्यापर्यंत गेली. तिथल्या एका मोठ्या कला महोत्सवाच्या बाईंचा फोन आला. तात्या फोनवर कमी बोलतात, म्हणून बोलणी माझ्याकडं. बाई म्हणाल्या, रविवारी या, सगळ्यात जास्त गर्दी तेव्हाच असते.

तात्या म्हणाले, "ऐतवारी जमत न्हाय."

सगळी गल्ली समजावून थकली. "ऐतवारी जमत न्हाय," एवढंच उत्तर. काकूंना विचारलं, तर त्या म्हणाल्या, "त्यांच्यासंगं मुरुमला जाऊन या एकदा." मुरुम माझं माहेर. त्या रविवारी मीही एसटीत बसले. तात्यांच्या मांडीवर फडक्यात गुंडाळलेला प्रोजेक्टर, लेकरासारखा.

मुरुमात एका लहानशा खोलीत, खाटेवर म्हसूआप्पा होते. गजनृत्यातले तात्यांचे जोडीदार. संघात दोघं कायम शेजारी नाचायचे. पक्षाघाताच्या झटक्यानं आप्पांचं सगळं अंग गेलं होतं. डाव्या हाताची दोन बोटं तेवढी हलत होती. त्यांच्या बायकोनं मला स्टूल दिलं. "बसा की अक्का. पण हलू नका हं. कॅमेऱ्याला ह्यांचीच बोटं दिसली पायजेत."

तात्यांनी समोरच्या भिंतीवर माळ लावला, कॅमेरा आप्पांच्या हातावर वळवला आणि जमिनीवर बसले. आप्पांची बोटं थरथरली. भिंतीवर कोंब आले. बोटं जराशी वर उचलली, तसा कळप डावीकडं वळला. शेडमध्ये मला ज्याला अख्खी गिरकी लागली होती, ते इथं एवढ्याशा हालचालीत होत होतं. तात्यांनी हा माळ आप्पांच्या बोटांच्या मापानं वेगळा बांधला होता आणि कुणाला सांगितलं नव्हतं.

आप्पा काहीतरी पुटपुटले. त्यांच्या बायकोनं उलगडून सांगितलं, "म्हनत्यात, कोकरू लंगडतंय."

"व्हय रं, बघितलं म्या," तात्या म्हणाले. "पुढल्या खेपेला नीट करतो. तू दमू नको."

बोटं थकली, भिंत हळूहळू पिवळी पडत गेली. आप्पांनी डोळ्यानं खूण केली. तात्या उठले, कॅमेरा स्वतःकडं वळवला, आणि खाट आणि कपाट यांच्यामधल्या अरुंद जागेत एकटेच नाचू लागले. शेजारी एका माणसाची जागा सोडून.

मी बाहेर येऊन पुण्याला फोन लावला आणि शनिवार मागितला.

"रविवारी काय अडचण आहे त्यांना?" बाईंनी विचारलं.

"रविवारी त्यांचा मुरुमला कार्यक्रम असतो."

"अच्छा. मोठा आहे का?"

"हो," मी म्हणाले. "खूप मोठा."