तात्यांचा श्रावणातला बांगडा

आईशप्पथ सांगतो, ही गोष्ट अक्षर अन् अक्षर खरी आहे. मी स्वतः तिथे हजर होतो. म्हणजे, अगदी त्या घरात नव्हतो. बरोबर वरच्या मजल्यावर होतो. पण बोरिवलीच्या आमच्या सोसायटीत वरच्या मजल्यावर असणं म्हणजे खालच्या घरात असण्यासारखंच. वास वर येतो, भांडण वर येतं, आणि उरलंसुरलं खालचा चंद्रप्रकाश स्वतः जिना चढून येऊन सांगतो. एखाद्या जागी मी पदरचं घातलं असेल. कुठे, ते शेवटी कबूल करीन. (तोवर सगळंच खरं धरून चाला, सोपं जातं.)

तर चंद्रप्रकाशचे वडील, बाळा तात्या, ऐन आषाढात मोरीत घसरले आणि खुब्याचं हाड मोडून बसले. बसले कसले, आडवेच झाले. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन करायला हवं, पण यांच्या रक्तात प्रोटीनच उरलेलं नाही. असं टेबलावर घेतलं तर जखम भरायची नाही, आणि नाही घेतलं तर माणूस अंथरुणातच संपेल. खाऊ घाला, रक्त सुधारलं की लगेच घेतो.

खाऊ घाला म्हणायला डॉक्टरांचं काय जातं? तात्यांची जीभ गेली होती. बोलण्याची नव्हे, चवीची. डाळ दिली तर "ह्या पाणी कोणाच्या पायावर घालूचा?" केमिस्टकडचा प्रोटीनचा डबा आणला तर "चॉकलेट काय मी शाळेत जातंय?" मालवणी माणूस, गिरणीत जन्म काढलेला, त्याच्या नरड्याखाली उतरलं असतं ते एकच, मासा. आणि नेमका श्रावण लागला. तात्यांनी गिरणीचा संप पाहिला, घरात चूल न पेटलेले दिवस पाहिले, पण श्रावण कधी मोडला नाही. अंडंसुद्धा नाही.

"तात्या, औषध म्हणून तरी घ्या," मालन म्हणाली. मालन म्हणजे चंद्रप्रकाशची बायको.

"औषध म्हणून दारू पितत. बांगडो नाय."

झालं. म्हातारा रोज थोडा थोडा उशीत बुडत चालला. गाल आत गेले. मालन कूस बदलायला हात लावायची तर हाताला नुसती हाडं लागायची.

आता चंद्रप्रकाशच्या नोकरीचं सांगायला हवं. गोरेगाव पूर्वेच्या एका इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये, जिथे पूर्वी प्लास्टिकच्या बादल्या बनायच्या, तिथे हल्ली उन्हापासून अन्न बनतं. थट्टा नाही. गच्चीभर सोलर पॅनल, खाली स्टीलच्या टाक्या. उन्हाच्या विजेने पाणी फोडायचं, त्यातला वायू टाकीतल्या सूक्ष्म जिवांना पाजायचा, वर थोडी हवा, चिमूटभर क्षार. ते जीव खातात, फुगतात, वाढतात. मग त्यांना वाळवून त्यांचं पिवळं पीठ करायचं. ना शेत, ना गाय, ना कोंबडी. आणि पिठात प्रोटीन मात्र डाळीच्या दुपटीहून जास्त. धंदा असा फोफावलाय की त्या एका गल्लीत अशा तीन कंपन्या झाल्या. जिमवाल्यांच्या वड्यांत हे पीठ, कोळंबीच्या तळ्यांत हे पीठ. चंद्रप्रकाश तिथे स्टोअरकीपर. जगाचं भविष्य त्याच्या कुलपात होतं आणि त्याला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं.

एका संध्याकाळी मॅनेजर देवेशला विचारून त्याने त्या पिठाची एक पिशवी घरी आणली. एवढाच निर्णय. पुढचं सगळं त्या पिशवीतून निघालं.

"हे व्हेज आहे की नॉनव्हेज?" मालनने पहिला प्रश्न विचारला.

"जंतू आहेत."

"म्हणजे व्हेज की नॉनव्हेज?"

"दह्यात जंतू असतात ना? दही चालतं ना श्रावणात?"

"दही मी दळून नाही घालत ताटात!"

पण सासऱ्याची हाडं तिच्या हाताला रोज लागत होती. तिने देवापुढे हात जोडले आणि पीठ मळायला घेतलं. तांदळाचं पीठ घालून वड्या थापल्या, उकडल्या, थोड्या परतल्या. त्या वड्यांना एक उग्र, ओल्या खडकासारखा वास होता. तो मारायला तिने ओल्या खोबऱ्याचं वाटण लावलं, कोकमाची सोलं टाकली, तरी वास जाईना, म्हणून शेवटी मूठभर तिरफळं ठेचून घातली.

आता कोकणातल्या कुठल्याही पोराला विचारा, खोबरं, सोलं, तिरफळं आणि वर तो खडकाचा वास, याला काय म्हणतात? मी वरच्या मजल्यावर टीव्ही बघत होतो. बायकोला म्हटलं, "अगं, खाली श्रावणात बांगडा शिजतोय!"

तेच तात्यांना कळलं. ताट पुढ्यात आलं तसा त्यांनी नाकाने एक लांब श्वास घेतला आणि डोळे मिटले.

"चंद्या."

"काय तात्या?"

"डॉक्टरान हात टेकल्यान?"

"छे हो! कोण म्हणालं?"

"श्रावणात घरात बांगडो शिजलो. आणि कोणी कित्याक म्हणाक होया?"

तात्यांच्या गावची रीतच तशी. वैद्याने मान हलवली की त्या माणसाला वार नाही, व्रत नाही. त्याच्या आवडीचं रांधायचं आणि भरवायचं. तात्यांच्या वडिलांना ऐन एकादशीला कोंबडी-वडे वाढले होते, आणि ते वडे पचायच्या आत गेले. तात्यांना हिशेब लगेच कळला. चंद्रप्रकाशने सगळं खरं सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात मालनने त्याच्या दंडाला असा चिमटा काढला की तोंड उघडंच राहिलं. कारण तात्यांनी पहिला तुकडा संपवून दुसऱ्याला हात घातला होता. डोळ्यांतून पाणी येत होतं, आणि म्हातारा जेवत होता. महिन्यात पहिल्यांदा.

चंद्रप्रकाश गप्प बसला. (गप्प बसणं हा त्याचा आयुष्यातला एकमेव नावाजलेला गुण.)

दुसऱ्या दिवसापासून तात्या रीतसर मरायला लागले. सकाळी मरायचे, दुपारी दोन वाट्या कालवण-भात हाणायचे, पुन्हा मरायचे. धाकट्या बहिणीला, कुंदाला, कणकवलीहून बोलावून घेतलं. ती रडतच दारात आली.

"दादा, कसो हस रे?"

"मरतंय. बस. जेवलंस?"

कुंदाआत्याने भावाकडे नीट पाहिलं आणि स्वयंपाकघरात येऊन मालनला धरलं. "ह्येचे गाल वर येतत आणि म्हणता मरतंय! आणि तुमी श्रावणात मासो शिजवतास? ह्या घरातला पाणी मी पिऊचंय नाय!"

"आत्या, हळू बोला. मासा नाहीये तो."

"माजा नाक मेला नाय अजून."

"यांच्या कंपनीतलं पीठ आहे हो. जंतूंचं."

आत्या पदर तोंडाला लावून म्हणाली, "जंतू? मगे मासोच बरो होतो गो!"

पण भाऊ जेवतोय म्हटल्यावर तीही गप्प बसली. घरात तीन माणसं एका माणसाला तो मरत नाहीये हे कळू नये म्हणून धडपडत होती. तात्या निरवानिरव करत होते. त्यांनी चंद्रप्रकाशला दहावीत नापास झाल्याबद्दल माफ केलं. (तो बावन्न वर्षांचा आहे.) मग मालनला जवळ बोलावलं. "तुका सून करताना मी नको म्हटलेलंय. चुकला माझा." मालन मोरीत जाऊन नळ सोडून रडली. तिला वाटलं, हे ऐकायला मिळालं ते म्हाताऱ्याला फसवून.

रक्त तपासलं. डॉक्टर खूश. "काय देताय? वाढतंय की! असंच चालू ठेवा थोडे दिवस, आपण टेबलावर घेऊ."

आणि आभाळ भरून आलं.

असं भरलं की दिवसा दिवे लावावे लागले. गोरेगावच्या गच्चीवरची पॅनल काळ्या पाटीसारखी पडून राहिली. टाक्या थंड झाल्या. होता तो माल कोळंबीवाले उचलून घेऊन गेले. घरातली पिशवी तळाला लागली. चंद्रप्रकाश देवेशला घेऊन गच्चीवर उभा राहिला.

"देवेश, एक टाकी मीटरच्या लाईटवर चालव ना रे. घरी वडील आहेत."

"काका, लाईटवर चालवलं तर जाहिरातीत काय लिहायचं? सूर्य हाच तर आपला माल."

"पण ते उपाशी आहेत."

"काका, इथे बॅक्टेरिया उपाशी मरतायत, तुम्ही वडिलांचं काय घेऊन बसलात?"

घरी मालनने बेसनाच्या वड्या करून पाहिल्या. तात्यांनी ताट सरकवलं. "मरतल्या माणसाक फसवतास?" पुन्हा डाळ नको, भात नको, काही नको. वर आलेले गाल पुन्हा आत जाऊ लागले. आभाळ हटायचं नाव घेईना. मी एकदा खिडकीतून पाहिलं, तर चंद्रप्रकाश बाल्कनीत उभा राहून ढगाला हात जोडत होता. लोक पावसासाठी देव पाण्यात ठेवतात. या गड्याला ऊन हवं होतं, तेही जंतूंसाठी.

शेवटी तो उठला आणि खारदांड्याच्या कोळीवाड्यात गेला. बापासारखाच श्रावण पाळणारा माणूस, कोळणीपुढे चोरासारखा उभा.

"बांगडा हवा होता. ताजा."

"श्रावनान? पावनं आलंय काय?"

"वडील आजारी आहेत."

कोळणीने त्याच्याकडे पाहिलं, टोपलीतले वरचे बाजूला सारले आणि तळातून दोन उचलले. "घे. आताच्या बोटीचं हाय. डोले बघ कसं चकाकतान."

मालनने हात लावायला नकार दिला. "जंतू शिजवले, आता हे नाही. माझाही श्रावण आहे." चंद्रप्रकाशने वॉशिंग मशीनच्या आडोशाला बसून स्वतः मासे साफ केले, बोट कापून घेतलं, वाटण वाटलं, तिरफळं ठेचली. कुंदाआत्या स्वयंपाकघराकडे पाठ करून देवघरासमोर बसली. त्याने ताट वाढलं आणि बापाला स्वतःच्या हाताने भरवलं.

तात्यांनी ताट चाटूनपुसून खाल्लं. रक्ताचा रिपोर्ट झकास आला. सोमवारी ऑपरेशन झालं, नवा खुबा बसला, आणि गौरी-गणपतीत तात्या वॉकर घेऊन उभे राहिले. मग कुंदाआत्याला राहवलं नाही, तिने जंतूंचं बोलून टाकलं. तात्यांनी तोच वॉकर उचलून चंद्रप्रकाशला अख्ख्या सोसायटीभर पळवलं. "माका जंतू घातलंस? आणि वर श्रावण मोडलंस?" आम्ही सगळे गॅलरीत उभं राहून टाळ्या वाजवत होतो.

हे पदरचं.

ऑपरेशन झालंच नाही. रक्ताचा रिपोर्ट चांगला आला होता, आधीच्या पिठाच्या जोरावर, एवढं खरं. डॉक्टरांनी सोमवार ठरवला होता, तेही खरं. पण तात्या रविवारी सकाळी गेले. मालन चहा घेऊन गेली तर हात गार. खुबा, वॉकर, पळापळ आणि आमच्या टाळ्या, हे मी घातलं, कारण मला ती जागा रिकामी बघवेना.

ताट चाटूनपुसून खाल्लं, तेही माझंच. तात्यांनी त्या बांगड्याचा एकच घास घेतला होता. बराच वेळ चावला. मग लेकाच्या कापलेल्या बोटाकडे पाहिलं, आणि त्याला खुणेने जवळ बोलावलं. चंद्रप्रकाशला वाटलं, बाप आता काहीतरी सांगणार, आयुष्यभर पुरेल असं. त्याने कान तोंडाशी नेला.

"चंद्या," तात्या म्हणाले, "ह्यो शिळो हा. तुका मासो वळखूक कधी जमाचा नाय. आदीचे ज्येच्याकडसून आणलंस, तेच्याकडसूनच आण."