मुक्काम चीन, डाव साडूशी

सगळा दोष माझ्या साडूचा आहे, हे मी आधीच सांगून टाकतो. पुढचं ऐकून तुमचं मत बदलेल (बायकोचं ऐकलं की सगळ्यांचंच बदलतं), म्हणून आधीच.

माझं वडनेर भोलजीला कृषी केंद्र आहे. बियाणं, खतं, फवारणीची औषधं. साडू उकंडराव संग्रामपूरला कापडाचं दुकान चालवतात. आमचे दोघांचे सासरे भगवंतराव, राहणार जानेफळ. त्यांच्या दोन्ही मुलींची लग्नं एकाच मांडवात लागली आणि तिथंच घोळ झाला. थोरली मुलगी उकंडरावांकडे, पण वयानं मोठा मी. मग धोंड्याच्या महिन्यात जावयांना जेवायला बोलावलं की पहिल्या पाटावर कोण बसणार? मागच्या धोंड्याला आम्ही दोघं एकाच वेळी एकाच पाटावर बसलो आणि वरणाची वाटी सासऱ्यांच्या धोतरावर गेली.

या वेळी सासऱ्यांनी दोघांनाही एकाच फोनवर घेऊन निकालच लावला.

"मोबाईलवर लुडो खेळा दोघं. पाच डाव. रोज दुपारी चारले एक. जो जिंकला तो पयल्या पाटावर, जो हारला तो वाढन. दोन डावाले कोणी नसला तं तो डाव पुढं ढकलू. तिसऱ्यांदा नसला तं हारला. मंजूर?"

"मंजूर!" मी ओरडलो. मागून उकंडराव हसल्यासारखे वाटले, म्हणून ओरडलो. हसले नव्हते असं ते अजून म्हणतात.

पहिले दोन डाव मी हरलो. (फासा त्यांच्या बाजूचा होता.) आणि तिसऱ्या डावाच्या आदल्या दिवशी मला चीनला जावं लागलं.

वडनेरचा माणूस चीनला कशाला, असं विचारू नका, आधीच फार लोकांनी विचारलंय. बियाण्याच्या कंपन्या जास्त पाकिटं विकणाऱ्या दुकानदारांना परदेशात फिरवून आणतात. मी बीटी कपाशीची पाकिटं भरपूर विकली होती. नेमकं त्याच हंगामात गुलाबी बोंडअळीनं तालुक्यातली कपाशी खाऊन टाकली. निघायच्या दिवशी मी नवा फोन घेतला, जुना आतल्या लुडोसकट बायकोला, कोकिळाला देऊन टाकला आणि दुकान बंद करत होतो, तर रुक्मिणीबाई आल्या. त्यांनी हंगामातच एक बोंड काऊंटरवर फोडून दाखवलं होतं. आत कापूस कमी आणि अळी जास्त.

"भाऊ, आमची कपाशी अळीनं खाल्ली अन् तुमी चीनले जाऊन राह्यले?"

"मावशी, मी तेव्हाच सांगितलं होतं. थैलीसंगं साध्या बियाण्याची लहान पुडी होती, ती अळीसाठी कडेनं लावाची होती. पत्रकात सगळं लिहेल होतं. तुमी वाचलंच नाही, चूक तुमची."

"ते पत्रक कोण्या भाषेत होतं, तेच मले समजलं नाही."

मला इतका राग आला की मी शटर अर्ध्यातच सोडलं. पत्रक कोणत्या भाषेत होतं हे मलाही माहीत नव्हतं, म्हणून जास्त आला.

चीनच्या हॉटेलात पोचलो. दुपारी आपल्याकडे चार म्हणजे तिकडे संध्याकाळचे साडेसहा. मी पलंगावर मांडी घालून बसलो, लुडो उघडलं. एक गोल चक्र फिरायला लागलं. फिरलं, फिरलं, फिरतच राहिलं. व्हॉट्सअ‍ॅप उघडलं, तेही मेलेलं. सासरवाडीच्या ग्रुपवर काय चाललंय कळायला मार्ग नाही.

मी खाली रिसेप्शनवर गेलो. तिथल्या मुलीला मोबाईल दाखवला, चक्र दाखवलं, बोटानं हवेत चक्र काढून दाखवलं. ती गोड हसली, आत गेली आणि इस्त्री घेऊन आली.

"मले इस्त्री नाही पायजे!" मी ओरडलो.

ती परत गोड हसली आणि दुसरी, मोठी इस्त्री घेऊन आली.

माझ्या खोलीत मलकापूरचे शाकिरभाई होते. त्यांचंही कृषी केंद्र. दोन्ही इस्त्र्या घेऊन मी वर आलो तेव्हा ते चिवडा खात होते.

"काऊन बे, इतका लाल काऊन झाला?"

मी सांगितलं. साडू, पाट, वरणाची वाटी, सगळं.

"अरे, यहां आपले गेम बंदच असतात. मी घरूनच इलाज आणला." त्यांनी आपल्या फोनमधून माझ्या फोनमध्ये एक अ‍ॅप पाठवलं. अडवलेल्या रस्त्याला चोरवाट काढून देणारं अ‍ॅप. ते लावलं. चक्र फिरत राहिलं.

"फरक नाही? मंग दुसरं घे."

दुसरं घेतलं. फोन म्हणाला, तुम्ही आता ब्राझीलमध्ये आहात. ब्राझीलमध्येही चक्र फिरत होतं. तेवढ्यात वेळ संपली. एक गैरहजेरी पडली.

दुसऱ्या दिवशी कंपनीनं आम्हाला एक भिंत दाखवली, एक कारखाना दाखवला. मी दोन्हींकडे पाहिलं नाही. आमच्याबरोबर कंपनीचा पुण्याचा अधिकारी होता, ऋत्विक साहेब. त्याचा फोन मात्र चालत होता. मी दोन मिनिटांसाठी मागून घेतला आणि घरी लावला.

"अहो, बरं झालं फोन केला," कोकिळा म्हणाली. "काल चार वाजता मी..."

"तू मधात बोलू नको! इथं माझं डोकं फिरलंय. बाबांना सांग, मी बघतो. काहीतरी करून डाव लावतो."

"अहो, पण ऐका तरी, तुमच्या जुन्या फोनवर..."

"जुन्या फोनचं काय मले सांगून राह्यली? तू कशाले हात लावू नको! मी समर्थ आहे!"

आणि मी फोन कापला. (दोन मिनिटांतली दीड शिल्लक होती. तीही रागात वाया.)

त्या दिवशी साडेसहाला शाकिरभाईंनी बाह्या सरसावल्या.

"देख, एका औषधानं अळी मरत नाही, दोन्हीनं मरत नाही. आपण गिऱ्हाईकाले काय सांगतो?"

"तिन्ही एका पंपात मिसळून मारा," मी म्हटलं.

हे आमच्या धंद्यातलं शास्त्र आहे. शेतकरी पान घेऊन येतो, आम्ही पान उलटंसुलटं करून तीन बाटल्या काढतो. पहिलं अळीवर, दुसरं पहिलं चालावं म्हणून आणि तिसरं दुकानात फार दिवस पडून असतं म्हणून. तेच केलं. तिसरं अ‍ॅप घेतलं आणि तिन्ही एकदम चालू केली.

फोन आधी ब्राझीलमध्ये गेला, तिथून नॉर्वेत, तिथून बहुतेक समुद्रात. अ‍ॅपं एकमेकांना बंद पाडत होती. फोन तव्यासारखा तापला. मी तो उशीवर टाकला, शाकिरभाईंनी त्यावर ओला रुमाल घातला. मग पडदा काळा झाला, तो दुसऱ्या दिवशी सकाळीच परत उजळला. एव्हाना दुसरी गैरहजेरी पडून गेली होती.

आता उरला गुरुवार. गुरुवारी आलो नाही तर संपलं. उकंडराव पाटावर बसणार, समोर रांगोळी, आणि मी कमरेला पंचा गुंडाळून त्यांना विचारणार, साडूभाऊ, अजून एक अनारसा घ्या ना. हे चित्र डोळ्यासमोर आलं की माझ्या घशाखाली तो चिनी भातसुद्धा उतरत नव्हता.

गुरुवारी मी ऋत्विक साहेबाला लॉबीत गाठलं आणि कंपनीच्या नावानं जे सुचलं ते सगळं बोललो. फसवणूक म्हणालो. बेजबाबदार म्हणालो. माणसाला परदेशात आणून त्याचा घरचा रस्ता बंद करता, म्हणालो.

त्यानं शांतपणे ऐकून घेतलं. "सर, निघायच्या आधी सगळ्यांना पत्रक दिलं होतं. इथं आपली बरीच अ‍ॅप्स हॉटेलच्या वायफायवर चालत नाहीत, घरून रोमिंग घेऊन या, असं त्यात स्पष्ट लिहिलं होतं. तुम्ही वाचलंच नाही. चूक तुमची आहे, सर."

ते पत्रक मी वाचलं नव्हतं. त्यात शंकरपाळे बांधून आणले होते. पण त्याची ती वाक्यं! जशीच्या तशी माझी. मी हंगामभर लोकांना ऐकवलेली. रुक्मिणीबाई अर्ध्या शटरखाली उभ्या राहिलेल्या मला दिसल्या आणि मला लाज वाटली. खरोखर वाटली. आणि मला लाज वाटली की लगेच दुप्पट राग येतो, त्यामुळे मी त्याला अजून थोडं बोललो.

"माझ्या फोनचं नेट देतो तुम्हाला," तो बिचारा म्हणाला. "हॉटस्पॉट चालू करतो. फक्त आवाज कमी करा, लोक बघतायत."

आपल्याकडे चार वाजून वीस मिनिटं झाली होती. लुडो एका सेकंदात उघडलं. पडद्यावर इंग्रजीत काहीतरी लांबलचक आलं, खाली 'ओके'. मी दाबलं. वाचत कोण बसतं?

पट उघडला आणि मी चक्रावलो. डाव अर्ध्याच्या वर झालेला. माझ्या तीन सोंगट्या घरात! चौथी घरापासून थोडी अलीकडे, सुरक्षित घरात थांबलेली. दुसऱ्या बाजूला उकंडरावांच्याही तीन आत, आणि चौथी माझ्या थोडी पुढं, उघड्यावर.

"माणूस नसला की मशीनच खेळते वाटतं," मी शेजारी येऊन बसलेल्या शाकिरभाईंना म्हटलं. "पण बघा कसं भित्र्यासारखं खेळलंय! इथं दबून बसायचं असतं का?"

"भाई, बसू दे तिथंच. तीन पडले. तिथून हलला की त्याले ओलांडून जाशील, मंग तो मागून..."

हलवली नाही तर पाळी सोडून देता येत होती. पण समोर उकंडराव उघडे. बारा वर्षांचा राग माझ्या अंगठ्यात उतरला. मी सुरक्षित घर सोडलं आणि त्यांच्या मागं धावलो. मला एकच घर कमी पडलं, त्यांना मारता आलं नाही. आता मी उघड्यावर, आणि ते अलगद पुढं. मग मला सहा पडले, मी त्यांना ओलांडूनच गेलो. पुढच्याच फाशाला उकंडरावांनी मागून येऊन मला मारलं आणि पुढच्या चार फाशांत घरी गेले.

मी लॉबीत जे ओरडलो, ते ऐकून ती रिसेप्शनची मुलगी इस्त्री घेऊन धावत आली.

घरी परतलो तर कोकिळा बोलेना. चहा ठेवायची, कप आपटायची. मी तिला नेटवर्कचं सांगितलं, ब्राझीलचं सांगितलं, ते मशीन कसं मिळमिळीत खेळत होतं तेही सांगितलं. त्यानंतर तर कपसुद्धा बंद झाला.

जानेफळला जेवण झालं. उकंडराव पहिल्या पाटावर बसले, समोर रांगोळी, उदबत्ती, सगळं. मी कमरेला पंचा बांधून पुरणाचे धोंडे वाढत होतो. घरातली माणसं ओळीनं बसलेली. सासरे घास थांबवून म्हणाले,

"जावईबापू, एक समजलं नाही मले. इथं होते तं दोन्ही डाव हारले. चीनले गेले तं लागोपाठ दोन जिंकले, मोठ्या डोक्यानं खेळले. पाचवाही हातात आला होता. मंग एकाएकी काय झालं?"

"कोण जिंकलं? कधी?" मी पातेलं खाली ठेवलं.

वरणावर तूप घालत कोकिळा गेल्या आठ दिवसांत पहिल्यांदा बोलली.

"काही नाही हो बाबा. पाचव्या डावात मधूनच हे सोता खेळले."