बाबल्याला दिलेला फोन

मेलेल्या बापाला फसवणं सोपं असतं, अशी तुक्याची पक्की खात्री होती. जिवंत असता तर बाबल्यानं त्याला एका नजरेत पकडलं असतं. पण आता तो वेवजी गावच्या स्मशानात लाकडांवर गुपचूप पडला होता आणि तुक्याला रान मोकळं होतं.

मेलेल्या माणसासोबत त्याची जिवाची वस्तू द्यायची, ही त्यांच्या पाड्याची रीत. बाबल्याची जिवाची वस्तू म्हणजे त्याचा बटणांचा फोन. तो विहिरीत पडला, बैलाच्या पायाखाली गेला, तरी रबर गुंडाळलं की पुन्हा बोलायला लागायचा. गुजरात बॉर्डरपलीकडच्या कंपनीचा ठेकेदार त्याच फोनवर बोलवायचा, "उद्या दोघं या." उचलला नाही तर काम दुसऱ्या पाड्यावर जायचं. बाप गेला होता, पण बायको बारकी आणि पोरांची पोटं जागेवरच होती.

तुक्याचे फोन मात्र मोठ्या काचेचे. हौसेनं आणायचा आणि वर्षभरात ते मान टाकायचे. शेवटचा तर आतून पुरीसारखा टम्म फुगला. तलासरीच्या दुकानदारानं तो हातातसुद्धा धरला नाही.

"झाकण कंपनीनंच चिकटवलंय, भाय. बॅटरी निघत नाय. आणि निघाली तरी या मॉडेलची आता येत नाय. नवीन घे."

भंगारवाल्यानंही नाक मुरडलं. "लोखंड असेल तर आण."

दुरुस्त होईना, विकला जाईना, फेकायलाही जीव होईना. म्हणून तुक्यानं डोकं चालवलं. बापाचा फोन स्वतःच्या खिशात घातला आणि आपला मेलेला फोन फडक्यात गुंडाळून बापाच्या उशाशी ठेवला. घरातली अडगळ गेली आणि कामही राहिलं. फक्त बापाच्या तोंडाकडे त्याला बघवेना.

चिता पेटली, आणि थोड्याच वेळात असा काही बार झाला की लाकडं उडाली! दिवाळीपासून तालुक्यात जमीन हादरत होतीच. "भूकंप, भूकंप" करत सगळे मोकळ्या जागेकडे पळाले. आपण मोकळ्या जागेतच उभे होतो, हे पळून झाल्यावर त्यांच्या लक्षात आलं.

आधी परतली ती बायजी. बाबल्याची बहीण, तुक्याची फुई. तिनं काठीनं काळी पडलेली काच उलटी केली.

"हा भूकंप नाय. माझा भाऊ रागावला. हा तर तुझा फोन, बंद पडलेला. बापाला बिघडलेली वस्तू देतो?"

सगळा पाडा बघत होता. तुक्यानं खिशातून खरा फोन काढला आणि पाठ वळवून नखानं झाकण उघडलं.

"ते काय काढतो?"

"सिम, फुई."

"परत घाल. नायतर त्याला फोन लागेल कसा?"

बारकी पुढं आली. "फुई, ठेकेदाराकडे हाच नंबर आहे. आमचं काम..."

"मेल्याचं मागं ठेवता? उद्या आजून कोणाला घेऊन जाईल तो."

तुक्यानं सिम परत घातलं, झाकण लावलं, आणि फोन अजून न पेटलेल्या लाकडांच्या खाचेत ठेवून रडला. बाप गेल्यापासून तो पहिल्यांदाच रडला.

तेवढ्यात फोन वाजायला लागला.

या वेळेला फोन करणारा एकच माणूस होता, ठेकेदार. तुक्याचा हात आपोआप पुढं गेला. बायजीनं तो मनगटाला धरून मागं ओढला.

"त्याला आलाय. तो घेईल."

ज्वाळा खाचेपर्यंत पोचल्या, तरी फोन वाजतच राहिला. जुनी वस्तू ती, सहजासहजी मरेना.

"उचल ना, बा," तुक्या तोंडातल्या तोंडात म्हणाला.

अखेर आवाज थांबला. बारकीनं डोक्यावरचा पदर सारखा केला.

"आता दुसऱ्या पाड्यावर लावला असेल," ती म्हणाली.