बोरकर काकांची खुर्ची

बोरकर काका खुर्ची सोडत नाहीत. म्हणजे सोडतात, पण त्यांच्या जागी दुसरं माणूस बसल्यावरच. आमच्या कॉलेजच्या सर्व्हर रूममध्ये सकाळची पाळी त्यांची, दोननंतरची माझी. एकदा मी चारला पोचले, तर काका उपाशी बसलेले. "चार्ज घ्या, इंजिनेर बाई," म्हणाले, रजिस्टरवर माझी सही घेतली आणि मगच बाथरूमकडे पळाले.

तीस वर्षं इथल्या स्टील प्लांटच्या कंट्रोल रूममध्ये काढलेला माणूस. तिथला नियम त्यांनी रिटायर होताना सोबत आणला: रिलीव्हर, म्हणजे पुढच्या पाळीचा माणूस, आल्याबिगर जागा सोडायची नाही. तिथले 'काम चालू आहे' लिहिलेले लाल टॅगही आणले. एक त्यांनी प्रिंटरला लावलाय, एक स्वतःच्या डब्याला.

मी कोहक्याच्या वस्तीतली. दोन खोल्यांत आम्ही सहा जणं. बाबा ठेकेदाराकडे मजुरीला, आई प्लांटच्या कॉलनीत, सेक्टर दहामध्ये धुणीभांडी करायची. घरात कॉलेज शिकलेली मी पहिली, आणि हे मी लपवत नाही. म्हणून मेल सर्व्हरचं काम निघालं तेव्हा प्लॅन मीच केला.

कॉलेजचे सगळे मेल ज्या डेटाबेसमध्ये साठतात तो फार जुना झाला होता. रविवारी सर्व्हर बंद करायचा, नवीन डेटाबेस चढवायचा. सहा तासांचं काम.

"नाई जमत," काका म्हणाले.

मी समजावलं. आपला सर्व्हर बंद दिसला तरी मेल हरवत नाही, पाठवणारं मशीन पुन्हा पुन्हा पाठवत राहतं.

"मशीन पाठवते, बाई. माणूस नाई पाठवत."

मग हळूहळू निघालं. त्यांच्या मुलीनं, सुषमानं, त्यांच्या मनाविरुद्ध लग्न केलं आणि ती पुण्याला गेली. वर्षभर बोलणं नाही. शेवटी तिनं काकांच्या कॉलेजच्या पत्त्यावर मेल लिहिला, नेमका आमच्या सर्व्हरची डिस्क भरली होती त्या दिवशी. सर्व्हर चालू होता, पण जागा नाही म्हणून त्यानं मेल परत पाठवला. बापानंच परत पाठवला असं तिला वाटलं. हे काकांना तिच्या मावशीकडून कळलं.

"मग तुम्ही का नाही लिहिलं?"

"मी कावून लिहू?" म्हणाले आणि चष्मा पुसत बसले.

मी प्लॅन बदलला. कबूल करायला जड जातं, पण कल्पना त्यांच्याच नियमातली होती. जुन्या मशीनशेजारी नवीन मांडलं. जुनं काम करून राहिलं, नवीन आठवडाभर त्याची नक्कल उतरवत बसलं. रविवारी सकाळी फक्त चार्ज द्यायचा होता. काकांनी त्याचा कागद केला आणि देणारी म्हणून एक, घेणारी म्हणून एक, अशा माझ्याच दोन सह्या घेतल्या.

जुनं बंद केलं. शेवटचे चार मेल नव्यात उतरले. काका घड्याळ धरून उभे. नवीन सुरू झालं तसे ते जुन्या मशीनला म्हणाले, "जा आता घरी."

बाहेर एक मेल पाठवून पाहायचा होता. कोणाचा पत्ता टाकू, मी विचारलं. काकांनी पाकिटातून घडी केलेला कागद काढून पुढे ठेवला.

"सरका. मी लिहितो."

एका बोटानं बराच वेळ लागला. 'सुषमा, तुया मेल मशीननं वापस केला होता. मी नाई.'

सर्व्हर चार मिनिटं बंद होता. आलेला एकही मेल परत गेला नाही. काकांचा मेल पुण्याला पोचला. पोचल्याची नोंद मी सर्व्हरवर दोनदा पाहिली.