मास्तरांचा एकुलता एक गोल

कॅरमची शेवटची सोंगटी पॉकेटमध्ये गेली आणि मास्तरांच्या बायकोने दोन्ही हात वर करून "जिंकले!" अशी आरोळी ठोकली. समोर बसलेल्या मास्तरांनी चहाचा कप खाली ठेवला.

"पुरे," ते म्हणाले.

"अहो, पंधरा वर्षांत पहिल्यांदा हरवलंय तुम्हाला!"

"हरवलंस ना? मग हात मिळवायचा आणि सोंगट्या परत मांडायच्या. हरलेल्याच्या जखमेवर मीठ कशाला चोळायचं?"

बायकोने हात खाली घेतले आणि मुकाट्याने सोंगट्या डब्यात भरल्या. हरलेले आपणच असताना असला उपदेश करण्याचं धैर्य फक्त मास्तरांकडे होतं.

मास्तर हे कुठल्या शाळेत शिकवत नव्हते. पहिल्या श्रेणीच्या साखळीत खेळणाऱ्या एका व्यावसायिक फुटबॉल क्लबचे ते उजवे बचावपटू होते. उठता बसता शिस्तीचे धडे देण्याच्या खोडीमुळे त्यांना हे नाव चिकटलं होतं. बारा वर्षांच्या कारकिर्दीत त्यांच्या नावावर एकही गोल नव्हता आणि एकही कार्ड नव्हतं. गोलाचं त्यांना काही वाटत नसे. कार्ड नसल्याचा अभिमान मात्र इतका, की लग्नाचा वाढदिवस विसरणारा हा माणूस आपण किती सामने कार्डाविना खेळलो तो आकडा झोपेतून उठवलं तरी सांगे.

आज त्यांचा शेवटचा सामना होता. उद्यापासून निवृत्ती आणि परवापासून क्लबच्या मुलांच्या फुटबॉल शाळेचं प्रमुखपद. तसं ठरलंच होतं. अट एकच, पाटी कोरी राहिली पाहिजे. क्लबने तर शाळेच्या भिंतीवर त्यांचा पुरुषभर उंचीचा फोटोसुद्धा लावून टाकला होता आणि खाली छापलं होतं, 'बारा वर्षं, शून्य कार्डं.'

"आजचा एक दिवस सांभाळा म्हणजे झालं," बायको म्हणाली.

"मला सांगतेस?" मास्तर हसले. नशीब अशा हसण्याची वाटच बघत असतं.

स्टेडियमच्या कपडे बदलायच्या खोलीत त्या दिवशी जरा गडबड होती. कपड्यांची सगळी व्यवस्था कपडेवाल्या काकांकडे असे. दारावर कोच यादी चिकटवायचे आणि त्या क्रमाने काका खुंट्यांवर कपडे लावायचे. जर्सीवर आकडा असतो, पण आतल्या पांढऱ्या बनियनवर काहीच नसतं. कोणत्या खुंटीवर आहे त्यावरून ते कोणाचं हे ठरायचं.

सकाळी काकांना संघाच्या आघाडीवीराने गाठलं होतं. गोल केला की हा गडी स्वतःभोवती सात गिरक्या घेऊन वर एक कोलांटउडी मारायचा, म्हणून सगळे त्याला भिंगरी म्हणत. त्याने घडी घातलेलं एक बनियन काकांच्या हातात दिलं.

"काका, हे माझ्या खुंटीवर. उघडायचं नाही. शप्पथ आहे तुम्हाला."

"नाही उघडणार बाबा," काका म्हणाले आणि त्यांनी शब्द पाळला. तिथेच घोटाळा झाला. दुपारी कोचनी यादीतला एक खेळाडू वगळला आणि खालची नावं एकेक जागा वर सरकली. काकांनी जर्सी बरोब्बर सरकवल्या, पण घाईत सकाळच्या बनियनची आठवण राहिली नाही आणि सगळी बनियनं सारखीच म्हणून होती तिथेच ठेवली. शप्पथ घातलेलं बनियन अशा रीतीने यादीत भिंगरीच्या लगेच खाली असलेल्या मास्तरांच्या वाट्याला आलं.

मास्तरांनी ते पाहिलं नाही, कारण मास्तरांना दिसतच नव्हतं. ते लेन्स अगदी शेवटी घालत. त्याआधी त्यांना समोरचं दार आणि कोच यांतला फरक कळत नसे. वर ते त्या वेळी भिंगरीला उपदेश करण्यात गुंतले होते.

"या हंगामात नुसत्या नाचण्यापायी नऊ पिवळी कार्डं मिळालीत तुला. शर्ट वर केला की कार्ड, काढला की कार्ड, कुंपणावर चढलं की कार्ड. साधा नियम आहे. कळत नाही?"

"कळतं हो मास्तर."

"मग होतं काय तुला?"

"ते गोल केल्याशिवाय नाही सांगता येणार," भिंगरी म्हणाला. त्याचं लक्ष थाऱ्यावर नव्हतं. कोणी बघू नये म्हणून त्याने भिंतीकडे तोंड करून, घडी जेमतेम मोडून, बनियन आणि जर्सी एकदमच डोक्यातून घातली.

सामना अगदी रटाळ झाला. दोन्ही संघांचं गुणतक्त्यातलं स्थान आधीच ठरलेलं होतं. कोणीही जिंकलं असतं तरी कोणाचं काही बिघडणार नव्हतं, सुधारणारही नव्हतं. प्रेक्षक जांभया देत होते. अठ्ठ्याऐंशीव्या मिनिटाला कॉर्नर मिळाला आणि शेवटचा सामना म्हणून कोचनी मास्तरांना पुढे पाठवलं. चेंडू आला, कोणाच्या तरी खांद्याला लागला, गोलच्या खांबाला लागला, मग मास्तरांच्या गुडघ्याला लागला आणि जाळीत जाऊन पडला.

मास्तर जागच्या जागी उभे राहिले. मग शांतपणे वळले आणि आपल्या जागेकडे चालू लागले. चार पावलं टाकली. पाचवं पाऊल टाकताना त्यांच्या पोटातून एक आवाज आला. असा आवाज त्यांच्या पोटात आहे याची त्यांना स्वतःलाही कल्पना नव्हती.

पुढचा प्रकार पाहणाऱ्यांना खरा वाटला नाही. मास्तर धावत सुटले. कोपऱ्यातला झेंडा उपटून त्यांनी तो काठीसारखा गरगर फिरवला. जाहिरातीच्या फळीवरून उडी मारली, परत अलीकडे मारली. कोचच्या गालाचा मुका घेतला. मग प्रेक्षकांकडे तोंड करून त्यांनी जर्सी वर ओढली, थेट डोक्यावरून, आणि तोंड झाकलेल्या अवस्थेत कमरेतून डुलू लागले.

बनियनवर लाल रंगात, मोठाल्या अक्षरांत लिहिलं होतं, 'माझ्याशी लग्न करशील का?'

चाळीस हजार माणसं एकदम गप्प झाली. मोठ्या पडद्यावर ती अक्षरं घराएवढी दिसत होती. जर्सीच्या आत असलेल्या मास्तरांना वाटलं, आपला गोल बघून लोक भारावले.

तेवढ्यात संघाची डॉक्टर पेटी घेऊन मैदानात धावत आली. मास्तरांना बारा वर्षं ओळखणाऱ्या कोणालाही झटका आला असंच वाटलं असतं, तसं तिलाही वाटलं. ती समोर येऊन उभी राहायला आणि डुलून डुलून दमलेल्या मास्तरांनी गुडघे टेकायला एकच गाठ पडली.

"अहो मास्तर!" डॉक्टर किंचाळली. "तुमची बायको वर बसलीय ना!"

"बघू दे की तिला!" आतून मास्तर ओरडले.

आता मात्र पंच आले. त्यांनी पिवळं कार्ड वर केलं. मास्तरांनी जर्सी खाली घेतली, कार्ड पाहिलं, मग पडद्याकडे पाहिलं, मग स्वतःच्या छातीकडे. अंगावर पाल पडावी तसे ते दचकले. हे आधी अंगावेगळं केलं पाहिजे, एवढाच विचार त्यांच्या डोक्यात आला आणि त्यांनी जर्सीसकट ते बनियन ओरबाडून काढलं आणि दूर भिरकावलं.

"मास्तर, शर्ट काढलात," पंच रडवेल्या आवाजात म्हणाले. "दुसरं पिवळं. म्हणजे लाल. मी काय करू सांगा."

बारा वर्षांत जे जमलं नव्हतं, ते सगळं मास्तरांनी दीड मिनिटात उरकलं.

उघड्या अंगाने ते खोलीत आले आणि बाकावर बसले. सामना संपला, संघ जिंकला, सगळे आत आले. कोच गाल पुसत कोपऱ्यात उभे राहिले. काका खुंट्या मोजत होते, पुन्हा मोजत होते, आणि दर मोजणीला त्यांचा चेहरा अधिक उतरत होता. भिंगरी तर पांढराफटक पडला होता.

डॉक्टर आली. तिच्या हातात ते बनियन होतं.

"हे अक्षर कोणाचं?" तिने विचारलं.

भिंगरीने हळूच बोट वर केलं. "गोल केल्यावर दाखवणार होतो," तो पुटपुटला. "तुला."

"आणि गोलच झाला नसता तर?"

"पुढच्या हंगामात."

"तोंड नाही दिलंय देवाने?" डॉक्टर म्हणाली. मग बनियनची घडी घालता घालता म्हणाली, "हो. करीन."

भिंगरीने तिथल्या तिथे कोलांटउडी मारली आणि खुंटीवर डोकं आपटून घेतलं. त्याला चार टाके घालेपर्यंत मास्तरांची बायको दारात येऊन उभी राहिली होती. मास्तर ताडकन उठले.

"अगं, ते बनियन माझं नव्हतं. काकांना विचार."

"मला माहितेय," बायको म्हणाली. तिचा आवाज सपाट होता. "ते अक्षर तुमचं नाही, हे मला शेवटच्या रांगेतून दिसलं. आपलं लग्न ठरलं तेव्हा तुम्ही माझ्या वडिलांशी हात मिळवलात आणि खुर्चीवर जाऊन बसलात. तुम्ही कशाला असलं काही लिहिताय? पण तो नाच! तो नाच कोणाचा होता?"

मास्तर उघड्या अंगावर टॉवेल ओढू लागले.

"पंधरा वर्षं मी राहतेय कोणाबरोबर?" असं म्हणून ती निघून गेली. घरी दोन दिवस ती मधूनमधून त्यांच्याकडे टक लावून बघे, एवढंच.

तिसऱ्या दिवशी शिस्तपालन समितीपुढे सुनावणी होती. बायको बरोबर आली, पण बाहेरच्या बाकावर बसली. आत समितीच्या अध्यक्षबाई होत्या. एके काळी त्या स्वतः पंच होत्या आणि भल्याभल्यांना त्यांनी बाहेर काढलं होतं. मास्तरांकडे मात्र त्यांनी मायेने पाहिलं.

"कपडेवाल्यांनी चूक कबूल केलीय. त्या भिंगरीनेही लिहून दिलंय. भलताच कपडा अंगावर आल्याने तुमचा गोंधळ उडाला, असं धरलं तर दोन्ही कार्डं पुसता येतील. तुमची शाळा तुम्हाला मिळेल. या कागदावर फक्त एक उत्तर लिहा."

कागदावर एकच प्रश्न होता. 'जल्लोष अनवधानाने घडला काय?'

मास्तरांनी पेन उचललं. 'हो' लिहायचं होतं, दोन अक्षरंसुद्धा नाहीत. भिंतीवरचा आपला फोटो त्यांच्या डोळ्यांपुढे आला. शाळा त्यांना हवी होती, अगदी मनापासून हवी होती. पण बनियन पाहिलं ते नंतर. झेंडा उपटला तेव्हा त्यांना कसलाही गोंधळ नव्हता. उलट जन्मात पहिल्यांदा सगळं स्वच्छ दिसत होतं. आणि खोटं लिहायची सवय नव्हती.

त्यांनी लिहिलं, सही केली, कागद पुढे सरकवला. अध्यक्षबाईंनी वाचला, चष्मा काढून पुसला आणि पुन्हा वाचला.

"'नाही. पूर्ण शुद्धीत होतो. पुन्हा गोल झाला तर पुन्हा करीन.' मास्तर, हे काय लिहिलंत? शाळा जाईल हो!"

"जाईल," मास्तर म्हणाले. "मुलांना मी काय सांगणार होतो बाई? नाचू नका? मला माहीतच नव्हतं हो, मी त्यांना काय नको म्हणतोय ते."

ते बाहेर आले. बायको उठून उभी राहिली.

"काय झालं?"

"शाळा गेली."

"का? चूक तर काकांची होती ना?"

"बनियनची चूक काकांची. नाच माझा होता. तसं लिहून दिलं."

बायको त्यांच्याकडे बघत राहिली. मग तिने दोन बोटं तोंडात घातली आणि अशी काही खणखणीत शिट्टी मारली, की लांबलचक व्हरांड्यातली सगळी दारं एकामागून एक उघडली. मास्तरांनी आ वासला. पंधरा वर्षांच्या संसारात हिला शिट्टी येते हे त्यांना माहीत नव्हतं.

शिपाई धावत आला. "बाई, काय हे! शिस्तपालन समितीचं ऑफिस आहे हे!"

"मग दाखवा कार्ड," मास्तर म्हणाले आणि बायकोला म्हणाले, "अगं, आणखी एकदा मार."